घराबाहेरची मतं

माय, आज सकाळपासून दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा तो कपातच गार झाला. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. उद्या आपल्या गावात मतदान आहे. माझं नाव लग्नापासून इथल्या, बदनापूरच्या यादीत आहे, म्हणजे तिथे मला मत नाही, काम नाही, कोणी बोलावलेलंही नाही. तरी जीव टांगणीला लागलाय. घरात कुणाशी बोलावं तर तुझे जावई म्हणतात, ‘ग्रामपंचायतच आहे, दिल्ली नाही.’ त्यांना काय सांगू? म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन वीस वर्षं उलटून गेली हे मला कळतं. तुला वाचता येत नव्हतं हेही कळतं. मी सासरहून पाठवलेली पत्रं दादाच तुला वाचून दाखवायचा आणि माझ्या रडगाण्याच्या ओळी मधल्या मध्ये गाळायचा. तू लगेच ओळखायचीस. ‘माझ्या ल्येकीनं येवढं थोडं लिव्हलं नसंल. सगळं वाच,’ म्हणायचीस, आणि तो कान खाजवत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

हल्ली मला भीती वाटते, माय. चोराची किंवा सापाची वाटते तशी नाही. हिच्यावर कुठे बोट ठेवावं ते कळत नाही. शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. मागे निवडणुकांचा धडा चालू असताना एका मुलीने हात वर केला. हुशार मुलगी, पुढच्या बाकावरची. म्हणाली, ‘मॅडम, दर वेळी येवढा खर्चा कशाला करतेत? येकच चांगला कडक मानूस बसवून टाकायचा ना, कायमचा.’ वर्ग हसला. तिला हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ‘बराबर, बराबर’ म्हणत हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. देताना माझं मलाच ते शिळ्या भाकरीसारखं कोरडं लागलं. शिक्षकांच्या खोलीत पूर्वी पेपर उघडला की जुंपायची, कोणी कोणाला सोडायचं नाही. आता पेपर उघडला की सगळे खेळाच्या पानाकडे वळतात. आमच्या गल्लीतल्या एकाने मोबाईलवर सरकारविरुद्ध चार ओळी लिहिल्या, तर दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावून घेतलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तेवढं सगळ्यांना पुरलं. तेव्हापासून गल्लीच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय काही येत नाही. मीही लिहिते, वाचते, पुसून टाकते. नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. आणि टीव्हीवर रोज कोणीतरी छाती ठोकून सांगतो की सगळा देश एका सुरात बोलतोय. मी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघते आणि मनात येतं, खरंच की काय? हिच्याही पोटात तेच आहे? माझ्या एकटीच्याच पोटात वेगळं आहे? 

एक सूर म्हटलं की मला आपली ओसरी आठवते. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, त्या वर्षीची. सरपंचपद पहिल्यांदाच बाईसाठी राखीव झालं होतं. गावाने मारुतीच्या देवळात बसून ठरवलं की या वेळी मतदानच नको, गाव बिनविरोध करायचं. बिनविरोध म्हणजे केवढा मान! तालुक्यात नाव होतं, भांडणतंटा टळतो, साहेब लोक येऊन पाठ थोपटतात. नारळ फुटला, भंडारा उचलून शपथा झाल्या आणि मोठ्या गल्लीतल्या एका सुनेचं नाव पक्कं झालं. मग चार वजनदार माणसं घरोघर सांगत निघाली. आपल्या ओसरीवर आली तेव्हा घरधनी म्हणून बापूंनी घोंगडी अंथरली, दादा पाण्याचा तांब्या घेऊन धावला. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस आणि मी बाळाला पाजत तिथेच भिंतीला टेकून बसले होते. बाहेरून आवाज आला, ‘समद्या गावाचं येक मत झालं.’ तुझे हात थांबले. आता लिहिताना मला समोर दिसतंय. तू परातीपुढून तशीच उठतेस, पदर दातात धरतेस आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहतेस. तुझ्या दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत ज्वारीचं पीठ.

‘बाईची जागा हाय म्हंता,’ तू म्हणालीस. ‘मंग देवळात कोन कोन बाई व्हती?’

त्यातले एक म्हातारे हसून म्हणाले, ‘वैनी, आपलं गाव येक हाय. बिनविरोध बरं असतं. तंटा न्हाई, बखेडा न्हाई.’

‘निजाम बी बिनविरोधच व्हता की. माझ्या बापाला तवा कुनी इचारलं न्हाई, अन् आज मला बी कुनी इचारलं न्हाई.’

तव्यावरची भाकरी करपली होती, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्यानंतर तू एसटीने जाफराबादच्या तहसीलीत गेलीस आणि त्या सुनेविरुद्ध आपल्या वॉर्डातून अर्ज भरून आलीस. बापू त्या दिवशी जे गप्प झाले ते निकाल लागेपर्यंत गप्पच. दादा मात्र गप्प नव्हता. मोठ्या गल्लीतल्या पोरांत त्याची ऊठबस होती, त्याची पार पंचाईत झाली. ‘गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई मायनं,’ म्हणायचा. जेवायलाही बसायचा तो बुड टेकवल्यासारखं करून, बकाबका गिळून पसार. तो तसाच जेवायचा लहानपणापासून, आणि तू त्याला लहानपणापासून तेच म्हणायचीस: ‘कुनी पाठी लागलंय का? नीट चावून खा.’ त्या सगळ्या गदारोळातही तू त्याला दुसरं काही बोलली नाहीस. तू त्याच्याशी भांडावंस असं मला फार वाटायचं.

तू सपाटून पडलीस. ते ठरलेलंच होतं. पण जाफराबादहून मतमोजणी बघून आलीस तेव्हा तुझं तोंड पडलेलं नव्हतं. मीच चिडले होते, ओली बाळंतीण असून ओरडले तुझ्यावर. ‘कशाला उभी राह्यलीस? हसं करून घ्यायला?’ तू पाय धुतलेस, बाळाला मांडीवर घेतलंस आणि हळूच म्हणालीस, ‘आगं, घरातली सोडून वर बी मतं पडलीत मला. ती कुनी देल्ली असतील?’ मग कितीतरी दिवस तुझा तोच उद्योग. आडावर, गिरणीत, कापूस वेचताना तू माणसांच्या तोंडाकडे बघत राहायचीस. हिने दिलं असेल का? त्या म्हाताऱ्याने? भंडारा उचललेल्यांपैकीच कोणी? शेवटी एक दिवस हात टेकलेस. ‘कळतच न्हाई गं बिलकुल. म्हनून आता समद्यांसंगच नीट ऱ्हावं लागतंय,’ म्हणालीस आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. निवडून आलेल्या त्या सुनेच्या घरी कुंकू लावायला गेलीस आणि तिला सांगून आलीस, ‘मी तुझ्या इरोधात व्हते. पर आता तू माझी बी सरपंच हायेस. पान्याचं तेवढं बघ.’ मला तेव्हा हा नुसता तुझा भोळेपणा वाटला होता. आणि एक सांगू? ‘घरातली’ म्हणताना तू दादाचं मत त्यात धरलं होतंस की नाही, हे मला कधी कळलं नाही. तू त्याला विचारलं नाहीस. मीही नाही.

आता या वर्षीचं ऐक. गावाने पुन्हा बिनविरोध ठरवलं. पद पुन्हा बाईचं, देऊळ तेच, आणि देवळात बाई पुन्हा एकही नाही. या वेळी तर अर्ज मागे घेण्याच्या आधीच अभिनंदनाचा फलक छापून आला. त्यावर होणाऱ्या सरपंचबाईचा फोटो अंगठ्याएवढा, आणि तिच्या सासऱ्याचा, म्हणजे सध्या गाव ज्याच्या मुठीत आहे त्या पुढाऱ्याचा, दरवाजाएवढा. हे असं सगळं गुळगुळीत चाललेलं असताना आपल्या आळीतल्या एका सुनेने अर्ज भरला. बी.ए. झालेली पोर आहे, नवरा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात. तिचं म्हणणं एवढंच: गावात ग्रामसभा भरतच नाही, ती नुसती कागदावर होते, आणि ती खरी भरली पाहिजे. एवढंच, माय! पण गिरणीतून तिचं दळण न दळता परत आलं. आळीतल्या बाया तिच्याशी बोलताना आधी इकडेतिकडे बघायला लागल्या. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या जीपने निघाली आणि थेट माझ्या दारात येऊन उभी राहिली. ‘आत्या, तीन वाजेस्तोर बसू का तुमच्याकडं? तीनानंतर अर्ज मागं निघत न्हाई. गावात थांबले असते तं हाताला धरून नेलं असतं मला.’ मी शाळेत रजा कळवली आणि म्हटलं, ‘माझ्याकडेच का आलीस?’ तर म्हणाली, ‘लोक म्हनून राह्यले, त्या म्हातारीवानी ही दुसरी निघाली. म्हनून.’

उशीर लागला नाही; ती कुठे उतरली ते जीपवाल्याकडून गावात कळलंच असणार. साडेअकराच्या सुमाराला पुढाऱ्याची जीप दारात उभी राहिली. त्यातून उतरले पुढाऱ्याचा भाचा, ड्रायव्हर आणि आपला दादा. बहिणीच्या घरून आणायचं म्हणजे भाऊच पाठवायला हवा, एवढं डोकं पुढाऱ्याला आहे. दादा आता साठीचा झाला, माय. पांढरी टोपी, गळ्यात उपरणं, गावात त्याच्या शब्दाला वजन आहे आणि ते वजन कोणामुळे आहे हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तो खुर्चीत बसला आणि आतल्या दाराकडे न बघता म्हणाला, ‘बाई, तिला म्हनावं चाल. गावाची इज्जत हाय. तिच्या घरच्यांना गावातच ऱ्हायचंय.’ भाचा हातातला मोबाईल चाळत होता. ‘आक्का, जल्दी करा. इथून जाफराबादला दोन तास लागतेत,’ तो म्हणाला. हे सगळं अगदी गोडीत. कोणी आवाज चढवला नाही. मला आमच्या गल्लीतला तो ठाण्यात बसवून ठेवलेला माणूस आठवला.

मी आत गेले. पोरगी ओट्यापाशी उभी होती, तोंड पांढरंफटक. ‘आत्या, जाऊ का मी त्यांच्यासंग?’ तिने विचारलं. ‘तुम्ही इथं ऱ्हाता. मला तिथं ऱ्हायचंय.’ काय बोलणार मी? माझं घर पक्कं, पगार महिन्याला खात्यावर, आणि मी दोन ओळी लिहून पुसणारी बाई. तिला थांब म्हणायचा मला काय अधिकार? मी तिला तुझी गोष्ट सांगितली, त्या घराबाहेरच्या मतांची. नीट सांगताही आली नाही, अर्धीमुर्धीच. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग तिने परात ओढली, डब्यातून पीठ काढलं आणि म्हणाली, ‘पाहुने आलेत. जेवल्याबिगर कसं पाठवायचं?’ मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पदर खोचला. ती भाकरी थापायला लागली, मी वांगी भाजायला घेतली, येसराचं भाजकं पीठ लावून आमटी टाकली. बाहेर जाऊन सांगितलं, ‘माहेरची माणसं माझ्या दारातून उपाशी गेली तर मला चालायचं नाही. जेवा, मग काय ते बोलू.’ भाचा कुरकुरला. पण बहिणीच्या घरी आलेला भाऊ ताटाला नाही म्हणू शकत नाही, आणि भावाबरोबर आलेल्यालाही मग म्हणता येत नाही.

पाट मांडले, तिघं बसले. दादा नेहमीसारखा चार घासांत आटपेल आणि ताटात हात धुवून उठेल, हे मी धरूनच चालले होते. फार तर थोडा वेळ निघेल, मग? मग पुढे काय करायचं ते मला सुचलेलं नव्हतं. आमटी वाढताना थोडी सांडली. दादाने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि चावायला लागला. चावतच राहिला. भाच्याची भाकरी संपली, ड्रायव्हरची संपली, दादाची अर्धीही झाली नव्हती. भाच्याने घड्याळाकडे बघितलं. ‘काका, आवरा.’ दादाने मान हलवली आणि मला म्हणाला, ‘बाई, ठेचा हाय का?’ ठेचा वाढला. मग त्याला कांदा हवा झाला. मग दही. पोरगी तव्यावरून गरम भाकरी घेऊन आली तेव्हा त्याने ताट पुढे केलं. ‘वाढ अर्धी,’ म्हणाला, आणि त्या अर्धीचे असे बारीक बारीक तुकडे करत बसला की जणू लहान लेकराला भरवायचंय. भाचा चुळबुळत होता, त्याच्या हाताला लागलेली आमटी वाळून गेली. पण पंगतीत वडीलधारं माणूस जेवत असताना उठायचं नाही हे त्याच्याही अंगात मुरलेलं. न राहवून त्याने पुन्हा हटकलं, ‘काका, तुमी तं दोन मिंटात जेवता नेहमी!’

‘आमची माय म्हनायची,’ दादा ताटातच बघत म्हणाला, ‘नीट चावून खावं.’

माय, तू गेल्यापासून त्याच्या तोंडून तुझं असं काही मी ऐकलं नव्हतं. मी तिथून उठून आत गेले. पोरगी तव्यापाशी उभी होती, तिनेही ऐकलं होतं. थोड्या वेळाने भाचा उठलाच, हात धुवून थेट आतल्या दारात येऊन उभा राहिला. ‘वैनी, चला. निघू आता.’ ती वळली. तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं. मी काही सांगितलं नव्हतं, शप्पथ. ‘मी न्हाई येनार,’ ती म्हणाली. ‘गाव बिनविरोध कसं? मी हाय ना.’ त्याने दादाकडे बघितलं. घड्याळात एक वाजून गेला होता. दादा अजून पाटावरच होता, बोटं चाटत. म्हणाला, ‘आता निघूनबी टाइमावर कुठं पोचतो? पोरी, ताक हाय का थोडं?’

निघताना भाचा जीपमध्ये बसून फोनवर कोणाला तरी सगळं सांगत होता, आणि सगळं दादाच्या जेवणावर ढकलत होता. दादाने चपला घातल्या. माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे तर नाहीच. ‘भरीत झ्याक झाल्तं,’ म्हणाला आणि गेला.

एका सावकाश जेवणाने देश वाचत नाही, हे मला कळतं. उद्या ती पोरगी पडेल, बहुतेक सपाटून पडेल. तिचं दळण अजून जाफराबादच्या गिरणीत जातंय. टीव्हीवर तेच चाललंय, ठाण्यातला बाक रिकामा नाही, आणि मी अजूनही लिहिते ते पुसते. माझी भीती गेलेली नाही. ती गेली असं लिहिलं तर तू म्हणशील, सगळं वाच. पण त्या दिवसापासून मी बसमध्ये शेजारच्या बाईकडे वेगळ्या नजरेने बघते. टाळ्या वाजवणाऱ्यांत कोण सावकाश जेवतंय हे बाहेरून कळत नाही, माय. मला नाही कळत, आणि त्या दरवाजाएवढ्या फोटोवाल्यालाही नाही कळत. तू गिरणीत माणसांच्या तोंडाकडे बघत काय शोधत होतीस ते मला आत्ता, या वयात समजलं. तो भोळेपणा नव्हता. वर्गातल्या त्या मुलीला मी परवा उलटं विचारलं, ‘बसवलास कायमचा. नाही आवडला, तर उठवशील कशी?’ ‘उद्या सांगते, मॅडम,’ म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. पण परवापासून ‘बराबर’ही म्हणालेली नाही.

काल दादाचा फोन आला. आवाज तुसडा. ‘मतदानाला गावात येऊ नको. तुला पाह्यलं का लोक उगं बोलतेत.’ मी बरं म्हटलं. ‘तू कोणाला देणार?’ हे अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच्या मागोमाग, ‘तेव्हा कोणाला दिलं होतंस?’ हेही. दोन्ही प्रश्न गिळले. त्याने फोन ठेवला तरी मी कितीतरी वेळ तो कानाशी धरून उभी होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुझ्यापर्यंत पत्रं पोचवणारा एकच माणूस होता, आणि यातलं निम्मं तर त्याच्याबद्दलच आहे. कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. पण माय, अक्षर मात्र मी नेहमीपेक्षा मोठं आणि सुटं काढलंय. दादाला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.